सात नंबरची स्लाइड

६ ऑगस्ट, धुळे

पोटातला किडा बाहेरून दिसत नाही. मग तो नाही, हे कसं कळतं?

प्रश्न माझा नाही, मोहिनी वहिनीचा. जितूभाऊच्या फोनवरून बोलत होती. प्रोजेक्टसाठी आपल्याच गावातल्या बायकांचे शौचाचे नमुने घेणार आहे, असं मी सांगितलं. आधी हसली. मग म्हणाली, "ताई, पोटमाधला किडा बाहेरथीन दिसत नही. मंग तो नही शे, हाई तुम्हले कसं समजस?"

 एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि दहावीपर्यंत शिकलेल्या वहिनीला मी "रेंज जातेय" म्हणून फोन ठेवला. रेंज चांगली होती.

संकल्प: दिवाळीपर्यंत उत्तर तयार करायचं. सोप्या भाषेत. वहिनीला समोर बसवून सांगायचं.

वहिनीला चौथा महिना आहे. फळं खा, हे सांगायचं राहिलं.

९ ऑगस्ट, धुळे

योगेंद्र सरांनी विषय मंजूर केला. पोटातल्या कृमींचं निदान करणाऱ्या तीन पद्धतींची तुलना. नमुने तेच, पद्धती तीन.

पहिली साधी. सलाइनच्या थेंबात शौच कालवायचं, काचेवर घ्यायचं, बघायचं. आजीबाईची पद्धत.

दुसरी नूतनची. शौच लगेच फॉर्मॅलिनमध्ये टाकायचं, लॅबमध्ये इथर घालून सेंट्रिफ्यूजला फिरवायचं आणि तळाचा गाळ बघायचा. डोकं दुखेल असा वास, मशीन, आणि वीज गेली की सगळं ठप्प. नूतन माझी रूम पार्टनर आहे, पिंपळनेरकडची. स्वभावाने चांगली, पण दूरदृष्टी नाही.

तिसरी माझी. काटो. शौच जाळीतून गाळायचं, मापाच्या भोकातून काचेवर पाडायचं आणि वरून ग्लिसरीनमध्ये भिजवलेली सेलोफेनची पट्टी दाबायची. ग्लिसरीनमुळे शौच हळूहळू पारदर्शक होतं आणि अंडी उघडी पडतात. मशीन नको, वीज नको. गावाच्या ओट्यावर बसून करता येते. या देशाला हीच पद्धत हवी आहे. तुलना व्हायची आहे, पण निकाल मला दिसतो आहे.

१७ ऑगस्ट, गाव

चोपड्याच्या बसने आले. आज नमुने गोळा झाले. चाळीस बायका.

मायने गल्लीत आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना लाज वाटत होती. डब्या पदराखालून आल्या. एकीने डबीवर हळदकुंकवाचं बोट लावून आणली, शुभ काम म्हणून. शेजारचे सुपडू नाना ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "एवढं शिकनी, आनि आते हाई गोया करी ऱ्हायनी?" आबा त्यांच्यावर चिडले. म्हणाले, "तिले मायक्रोस्कोपमा गाव दिसस. तुले चष्मामाबी दिसत नही."

आबांनी माझ्यासाठी भांडावं, हे बरं वाटतं. या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. जितूभाऊला आठवीत केळीच्या बागेत कामाला घातलं आणि मला धुळ्याला पाठवलं. त्याचं चीज करायचं आहे.

प्रत्येक घराची माहितीही लिहून घेतली. आमच्या घरी शौचालय आहे. गल्लीतलं पहिलं. मी होस्टेलला गेले त्या वर्षी आबांनी बांधलं. आज आत गेले तर फरशी पांढरीशुभ्र, बादली नवी, एक डाग नाही. आठ माणसांच्या घरात इतकी स्वच्छता म्हणजे वहिनीची कमाल आहे. कुत्री शिरू नयेत म्हणून दाराला कुलूप ठेवतात. चांगली सवय.

वहिनीचा नमुना सात नंबर.

काटोच्या स्लाइड सगळ्या ओट्यावरच तयार केल्या आणि पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात थर्माकोल लावून ठेवल्या. ठरल्याप्रमाणे नूतनसाठी थोडा भाग लगेच फॉर्मॅलिनमध्येही टाकला. मी खिलाडू वृत्तीची आहे.

वहिनीच्या तळपायांना आणि बोटांच्या बेचक्यात पुरळ आहे. केळीच्या बागेतल्या चिखलाने खाज सुटते म्हणाली. खोबरेल तेल लावायला सांगितलं. बागेत चप्पल घाल म्हटलं, तर म्हणाली, चिखलात चप्पल रुतते, पाय निघतो, चप्पल निघत नाही.

१८ ऑगस्ट, धुळे

खोकं मांडीवर घेऊन आले. अमळनेरला कंडक्टरने विचारलं, पेढे कशाचे, पोरगी पास झाली का. हो म्हटलं.

आल्यापासून स्लाइड वाचल्या. इतक्या स्वच्छ स्लाइड मी आजवर पाहिल्या नाहीत. काल हिरवट गढूळ होत्या, आज काचेसारख्या. जितका वेळ द्यावा तितकी स्लाइड उजळते. सहा बायकांमध्ये गोल जंताची अंडी, जाड कवचाची, ओळखायला सोपी. हुकवर्म एकाही स्लाइडमध्ये नाही. चाळीसपैकी शून्य.

डब्यांत उरलेल्या नमुन्यांच्या सलाइनच्या स्लाइडही करून पाहिल्या. त्यातही हुकवर्म नाही. डब्या एक दिवस पिशवीत राहिल्याने वास मारत होता, पण विज्ञानात वासाला किंमत नसते.

हुकवर्म हा रक्त पिणारा किडा. तो गावात नाही, ही केवढी मोठी गोष्ट आहे. आबांना लगेच फोन केला. वहिनीचा रिपोर्ट एकदम क्लिअर, हेही सांगितलं. ते नुसते खाकरले. मग फोन चालूच असताना ते सुपडू नानांना हाक मारू लागले.

२१ ऑगस्ट, धुळे

सरांना आकडे दाखवले. त्यांनी विचारलं, काटोच्या स्लाइड वेळेत वाचल्या ना, एका तासाच्या आत. हो सर, वेळेत, असं सांगितलं.

हे खोटं नाही. पुस्तकात लिहिलं आहे की काटोच्या स्लाइड काही महिनेसुद्धा ठेवता येतात, गोल जंताची अंडी तशीच राहतात. महिने चालतात तिथे एक दिवस वेळेतच म्हणायचा. त्या पानाच्या खाली हुकवर्मबद्दल एक परिच्छेद आहे. झेरॉक्स फिकट आहे, नंतर वाचेन.

२६ ऑगस्ट, धुळे

नूतनचा निकाल आला. तिच्या गाळात चाळीसपैकी अकरा जणींना हुकवर्म. सगळ्यात जास्त अंडी सात नंबरला.

मी तिला शांतपणे समजावलं. ते हवेचे बुडबुडे असतील, परागकण असतील. आमच्या गावात बायका मातीने हात धुतात, मातीतले किडे वेगळे असतात. ती म्हणाली, बुडबुड्याच्या आत चार पेशी नसतात, ये आणि बघ. मी म्हणाले, मला आता लायब्ररीत जायचं आहे. लायब्ररीत गेले आणि बसून राहिले.

नीट विचार केला. तीनपैकी दोन पद्धती नाही म्हणतात, एक हो म्हणते. बहुमत स्पष्ट आहे. शिवाय आबांनी आता अख्ख्या गावाला सांगितलं आहे. एका गाळावरून त्यांना खोटं पाडायचं का? पुरावा पक्का होईपर्यंत घरी काही सांगायचं नाही. वैज्ञानिकाने घाई करू नये.

३ सप्टेंबर, धुळे

मायचा फोन. उपकेंद्राच्या ज्योत्स्ना सिस्टर घरी आल्या होत्या. वहिनीचं हिमोग्लोबिन सात आहे. सिस्टर म्हणाल्या, चोपड्याला दाखवा, आणि जंताची गोळी द्या, चौथ्या महिन्यानंतर चालते. मायला पोटुशीला गोळी द्यायची भीती वाटते. म्हणाली, आधी दिपाले इचारसू, दिपा सांगी तसं.

मला भरून आलं. सरकारी सिस्टर समोर उभी असताना माझी माय म्हणते, दिपाले इचारसू.

मी सांगितलं, रिपोर्टमध्ये किडा नाही, तर किड्याची गोळी कशाला. अंगात रक्त कमी आहे ते खाण्यापिण्याने वाढेल. लोहाच्या गोळ्या चालू ठेवा. मग मी डाएट चार्ट तयार केला, रंगीत पेनने. पालक, बीट, गूळ-शेंगदाणे, खजूर. फोटो काढून जितूभाऊला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

संकल्प: दर रविवारी वहिनीच्या आहाराचा आढावा.

१४ सप्टेंबर, गाव

मागच्या दोन रविवारी आढावा घेता आला नाही, क्लास टेस्ट होत्या. म्हणून आज प्रत्यक्ष आले. नूतनचं तोंड बंद करण्यासाठी पुन्हा नमुने घेतले, फक्त वीस.

वहिनी ओसरीची पायरी चढताना मध्ये थांबली. भिंतीला हात लावला आणि हसली. ओठ केळफुलाच्या आतल्या पाकळीसारखे पांढरट. चुलीच्या पोतेऱ्याची भाजलेली माती खाताना मी तिला पकडलं. रागावले. ती म्हणाली, "ताई, जीवले वाटस." पदराच्या गाठीत आणखी एक खडा होता, तो मला दिला नाही.

डाएट चार्ट भिंतीला चिकटवलेला आहे. बीट चोपड्याच्या बाजारात मिळतं, तिकडे कोणी गेलं नाही.

पहाटे मला जाग आली तेव्हा ती बागेकडून येत होती, अनवाणी, हातात टमरेल. मी झोपेत होते, नीट लक्षात आलं नाही. बागेला पाणी द्यायला गेली असेल.

१६ सप्टेंबर, धुळे

दुसऱ्या फेरीच्या स्लाइड वाचल्या. पुन्हा शून्य. एकच निकाल दोनदा आला, म्हणजे पद्धत विश्वासार्ह आहे. नूतनला सांगितलं. ती सेंट्रिफ्यूजच्या नळ्या धूत राहिली. हे मौन मी संमती समजते.

जळगावच्या सेमिनारसाठी गोषवारा पाठवला. शीर्षक: "ग्रामीण भागासाठी काटो पद्धतीची श्रेष्ठता". सर म्हणाले, श्रेष्ठता शब्द काढा, उपयुक्तता लिहा. लिहिलं. मनात श्रेष्ठताच आहे.

२९ सप्टेंबर, धुळे

हे लिहायचं नव्हतं, पण रोजनिशी प्रामाणिक असावी.

काल नूतनने पिंपळनेरहून तिच्या चुलतीचा ताजा नमुना आणला. चुलतीला हुकवर्म आहे हे आधीच माहीत आहे. नूतनने माझ्याच पद्धतीने, माझ्याच जाळीने आणि माझ्याच सेलोफेनने स्लाइड केली. लगेच मला बोलावलं. अंडी होती. पातळ कवच, आत पेशी, अगदी चित्रातल्यासारखी. मग तिने स्लाइड तिथेच ठेवली. दुपारी पुन्हा बघायला लावलं. काही अंडी पुसट झाली होती, काही शोधूनही सापडली नाहीत. आज सकाळी तीच स्लाइड, तीच जागा. काहीच नव्हतं. काचेसारखी स्वच्छ.

ग्लिसरीन शौचाला पारदर्शक करतं आणि पातळ कवचाच्या अंड्यांनाही. गोल जंत टिकतो, हुकवर्म विरघळून जातो. फिकट झेरॉक्समध्ये हेच लिहिलं होतं.

मी म्हणाले, पिंपळनेरची अंडी नाजूक असतील.

नूतनने स्लाइड उचलून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, दिपा, घरी फोन कर.

३० सप्टेंबर, धुळे

फोन केला. आबांनी उचलला. ते आनंदात होते. सेमिनारला माझी निवड झाली हे जितूभाऊने मोबाइलवर पाहिलं होतं, आणि आबा चौकात पाटी लावणार आहेत, फोटोसह. कोणता फोटो लावू, असं विचारत होते. मी म्हणाले, पदवीचा लावा, काळ्या झग्यातला.

वहिनीबद्दल विचारलं. बरी आहे, थोडी धाप लागते, म्हणाले.

फोनवर अशा गोष्टी नीट समजावता येत नाहीत. दिवाळीला घरी जाणारच आहे. समोर बसवून सांगेन, तोपर्यंत सोप्या भाषेतलं उत्तरही तयार होईल. वहिनीच्या प्रश्नाचं आणि ह्याचं उत्तर एकच आहे, दोन्ही एकदम होतील. चांगलं नियोजन.

९ ऑक्टोबर, धुळे

पोस्टर छापून आलं. सुंदर आहे. हुकवर्मच्या रकान्यात शून्य आहे, ते छापून झालं होतं. सरांना अजून सांगितलेलं नाही. ते परीक्षेच्या कामात आहेत, त्यांना त्रास द्यायला नको.

नूतन माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते. हेवा माणसाला असं करतो.

१७ ऑक्टोबर, धुळे

जितूभाऊचा फोन. वहिनी बागेत पडली. केळीच्या दोन ओळींमध्ये, चिखलात. चोपड्याहून पुढे जळगावला पाठवलं. सातवा महिना लागला होता.

मी बस पकडते आहे.

१८ ऑक्टोबर, जळगाव

मुलगी होती. जन्मली तेव्हाच गेलेली होती.

वहिनीचं हिमोग्लोबिन चारच्या खाली. रक्त चढवतायत. एका हाताला जितूभाऊचं रक्त, कारण त्याचा गट जुळला. तो खुर्चीवर बसून तिच्या हाताकडे बघतो, तिच्या चेहऱ्याकडे बघत नाही.

डॉक्टरांनी शौचाची तपासणी लिहून दिली. लॅब खालच्या मजल्यावर होती. मी मायक्रोबायोलॉजीची विद्यार्थिनी आहे असं सांगून आत गेले. टेक्निशियनने साधी सलाइनची स्लाइड केली, ताज्या नमुन्याची, आणि लगेच भिंगाखाली धरली. एका मिनिटात म्हणाला, हुकवर्म, भरपूर. मी बघू का विचारलं. तो बाजूला सरला.

आजीबाईची पद्धत. एका नजरेत अंडी दिसत होती, पारदर्शक, लांबट गोल, आत पेशींची फुलं. सुंदर होती. हे लिहायला नको होतं.

टेक्निशियनने विचारलं, पेशंट तुमची कोण. वहिनी, म्हटलं. तो म्हणाला, एवढे दिवस कोणी तपासलं नाही का?

२० ऑक्टोबर, जळगाव

गोळ्या चालू झाल्या. वहिनी बोलते आहे. मी तिच्याजवळ बसले होते. सोप्या भाषेतलं उत्तर सांगायला सुरुवात केली. स्लाइड किती वेळात वाचायची असते, ग्लिसरीन काय करतं, मी कधी वाचली. मध्येच ती म्हणाली, "ताई, तुम्हले दिसनंच नही. मंग तुम्ही काय करशात."

ती मला समजून घेत होती. 

आबा वॉर्डाच्या दारात उभे होते. त्यांनी ऐकलं असावं. खाली जाऊन त्यांनी जितूभाऊला सांगितलं, चौकातली पाटी उतरव.

२५ ऑक्टोबर, गाव

वहिनीला घरी आणलं. दिवाळी झाली म्हणे, आमच्या घरी पणती नव्हती.

दुपारी शौचालयाकडे गेले. कुलूप होतं. नेहमी मी येणार म्हटलं की ते आधीच उघडलेलं असतं. या वेळी सगळे दवाखान्यात होते, कोणी उघडलं नव्हतं. मायला किल्ली मागितली. ती देव्हाऱ्यामागच्या खिळ्यावरून काढून देताना म्हणाली, दम धर, आधी झाडी देस, तू नही व्हती तव्हयपासून बंद शे.

मी विचारलं, मी नव्हते तेव्हापासून म्हणजे? तुम्ही सगळे कुठे जाता?

माय म्हणाली, बागमा. जसे पहिल्यापासून जातो तसे. मग मला समजावल्यासारखं म्हणाली, "बठ्ठा घर जाई लागनं ते खड्डा भरी जाई. मंग तू ऊनी ते कोठे जाशी?"

ते माझ्यासाठी आहे. पांढरी फरशी, नवी बादली, सगळं. शिकलेली पोर होस्टेलहून येते, तिला बाहेर जाता येणार नाही, म्हणून आठ माणसांनी ते वापरलं नाही. वहिनी दर आठवड्याला पुसून काढायची आणि स्वतः टमरेल घेऊन केळीत जायची. चिखलात, अनवाणी. तळपायातूनच तो किडा आत शिरतो. हे मला परीक्षेत विचारलं होतं, पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

माहितीत मी लिहिलं होतं: शौचालय आहे.

२६ ऑक्टोबर, गाव

मायला सांगितलं, कुलूप लावायचं नाही, सगळ्यांनी इथेच जायचं, खड्डा भरला तर उपसू. माय हो म्हणाली.  वहिनी म्हणाली, बघू.

मला वाटतं प्रश्न सुटला.

२८ ऑक्टोबर, गाव

सुटलेला नाही. सकाळी बघितलं तर कुलूप परत लागलेलं. मायने लावलं. रात्री कुत्रं शिरलं असतं, म्हणाली. किल्ली खिळ्यावर, देवामागे. तिथून वहिनी किल्ली काढणार नाही. सासूच्या देव्हाऱ्यामागे हात घालून, सगळ्यांसमोर, मला तिकडे जायचं आहे हे सांगत.

संकल्प: वहिनीचा संकोच घालवण्यासाठी घरात जनजागृती.

४ नोव्हेंबर, गाव

जनजागृती झाली. मी चित्र काढून किड्याचं चक्र समजावलं. तळपाय, रक्त, फुप्फुसं, आतडं, शौच, माती, परत तळपाय. आबांनी लक्ष देऊन ऐकलं. सुपडू नाना म्हणाले, मंग तो आमना बागमा राहस, आमनाच माणूस झाया. कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी बागेतच गेली. दाराला कुलूप होतं.

आबांनी जितूभाऊला चोपड्याहून चपला आणायला लावल्या, रबरी, घट्ट पट्ट्याच्या. वहिनीने त्या खोलीच्या कोपऱ्यात नीट ठेवल्या आहेत. नवीन आहेत, खराब होतील म्हणते.

१० नोव्हेंबर, गाव

आज कुलूप फोडलं. वरवंट्याने. माय पाणी भरायला गेली होती. कुलूप चांगल्या प्रतीचं निघालं, ते फुटलं नाही. कोयंडा निखळला, त्याबरोबर दाराची चौकट चिरली आणि आतली कडीही वाकली. आता दाराला कुलूप लागत नाही, हे उद्दिष्ट साध्य झालं. दार आतूनही लागत नाही. सोडलं की सरळ अंगणाकडे उघडतं.

उघड्या दाराच्या शौचालयात बाईमाणूस जात नाही. केळीत निदान आडोसा असतो.

सुतार गावात एकच आहे, झिपरू, तो तापाने झोपला आहे. तीन-चार दिवसांनी येईन म्हणाला.

मायने निखळलेला कोयंडा उचलला, पदराने पुसला आणि देवामागच्या खिळ्यावर किल्लीशेजारी अडकवला.  रागावली असती तर बरं झालं असतं.

१२ नोव्हेंबर, गाव

सेमिनार आज आहे, जळगावला, सकाळी. सहाच्या बसने निघायला हवं होतं. पोस्टर होस्टेलवर गुंडाळून ठेवलेलं होतं, ते नूतन घेऊन गेली. काल संध्याकाळी सरांना फोन करून सगळं सांगितलं: स्लाइड कधी वाचल्या, सात नंबर कोण, पुढे काय झालं. सरांनी तारखा पुन्हा विचारल्या. मग म्हणाले, तुलनेत हेही मांडावं लागेल. मी म्हणाले, नूतन मांडेल. शून्याच्या रकान्यावर तिने कागद चिकटवला आहे आणि लिहिलं आहे, वाचायला उशीर झाला, हा निकाल धरू नये. मजकूर मी सांगितला, अक्षर तिचं.

पहाटे वहिनी टमरेल घेऊन निघाली. मी अंगणात तिला अडवलं. दाराकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, ते लागत नाही ना. मी म्हणाले, मी धरते.

ती तशीच उभी राहिली. पायात चपला नव्हत्या. मग आत गेली.

दार बाहेरून ओढून धरावं लागतं, दोन्ही हातांनी, पाय जोत्याला टेकवून. ते सोपं नाही. माय गोठ्याजवळून बघत होती. आबा ओट्यावर आले, बघितलं, आणि पाठ करून बसले. सगळ्या गल्लीला दिसत होतं, तोताराम आबाची एम.एस्सी.वाली पोर संडासाचं दार धरून उभी आहे.

आतून वहिनीने विचारलं, "ताई, शेतस ना?"

शे, म्हटलं.

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. बंद दारातून तिला मी दिसत नव्हते. मी पुन्हा म्हटलं, शे.

फाट्यावर सहाच्या बसचा हॉर्न वाजला. मी दार सोडलं नाही.